पेनल्टीची वही

क्लबच्या बसच्या ड्रायव्हरने त्याला पहिल्यांदा 'स्टेपनी' म्हटलं, तेव्हा तो स्वतःही हसला होता. वय तेवीस, क्लबमधला पहिला आठवडा, आणि बसमधल्या थट्टेत जो हसत नाही तो कायमचा बाहेरचा राहतो एवढी अक्कल त्याला होती. ड्रायव्हर म्हणाला होता, "चाकं पळतात. स्टेपनी नुसती प्रवास करते." सगळी बस हसली आणि नाव चिकटलं. पुढे ते इतकं मुरलं की छापील कार्यक्रमपत्रिकेत त्याचं खरं नाव वाचून फाटकावरच्या माणसाने विचारलं, "हा नवा कोण घेतला?" तेव्हा स्टेपनीला क्लबमध्ये नववं वर्ष चालू होतं.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोने बजावलं होतं, "तुमच्या मित्रांना सांगा, आपल्या दारात हे नाव घ्यायचं नाही. शेजारीण विचारत होती, स्टेपनी कुणाला म्हणतात म्हणून."

"मग सांगायचं, माझ्या नवऱ्याला म्हणतात."

"तेच तर सांगायची लाज वाटते."

तो क्लबचा दुसरा गोलकीपर होता. बाकीच्या दहा जागांवर माणसं दमतात, लंगडतात, प्रशिक्षकांच्या मनातून उतरतात, आणि बाकावरच्याला आत जायला मिळतं. गोलकीपर दमत नाही. तो जिथे उभा असतो तिथे वर्षानुवर्षं उभा राहू शकतो. त्यामुळे दुसऱ्याला पोटभर खेळायचं असेल तर पहिल्याचं काहीतरी मोडावं लागतं. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण दोघांनाही ते पक्कं ठाऊक असतं आणि ते ठाऊक असताना एकमेकांची बोटं पट्टीने बांधून द्यावी लागतात.

पहिल्याला सगळे लंबू म्हणत. सहा फूट चार इंच, हात गुडघ्यापर्यंत. दोघे एकाच मोसमात क्लबात आले, बाहेरगावच्या सामन्यांना एकाच खोलीत झोपले. लंबू आळशी होता, विसराळू होता, आणि देवाने हातात काहीतरी घालून पाठवलेला होता. स्टेपनी कष्टाळू होता. अकरा वर्षांत लंबूचं एकही हाड मोडलं नाही.

क्लबमध्ये एक रिवाज होता, तो बऱ्याच क्लबांत असतो. लीग एक नंबरची, कप दोन नंबरचा. म्हणजे वर्षभर चालणाऱ्या लीगचे सगळे सामने लंबू खेळणार, आणि हरलं की बाहेर अशा पद्धतीने चालणाऱ्या कपाचे सामने स्टेपनी खेळणार. दुसऱ्याला गंज चढू नये म्हणून ही सोय. पण क्लब मधल्या फळीतला. कपात दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या फेरीला गारद व्हायचा. काही वर्षं तर स्टेपनीचं अख्खं वर्ष नव्वद मिनिटांत संपलं. मग पुढचे अकरा महिने बाकावर, अंगात जाड जाकीट घालून, लंबूच्या बाटल्या सांभाळत.

पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एका देखभालीच्या कंपनीत होता, शहरातल्या त्रेपन्न लिफ्ट त्याच्याकडे. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढायचं, दोर तपासायचे, ब्रेक बघायचा, तेल घालायचं, आणि भिंतीला टांगलेल्या वहीत तारीख घालून काय केलं ते लिहायचं. मध्येच फोन आला की कुठेतरी दोन मजल्यांच्या मध्ये कुणीतरी अडकलेलं असायचं. दार फटीएवढं उघडून तो आतल्याशी बोलत राही. "घाबरू नका. हवा भरपूर आहे. दिवा जाणार नाही. मी वर जाऊन हाताने चाक फिरवतो, थोडा धक्का बसेल, भिंतीला टेकून उभे राहा. मुलांना खाली बसवा." एवढं सांगायची गरज नसायची. साहेब म्हणत, "अरे, दार उघड आणि मोकळा हो, भाषण कशाला?" पण त्याचा स्वभावच तो. एक विचारलं की दहा सांगणार, आणि ती दहाही उपयोगाची असणार.

पेनल्टीची वही त्या लिफ्टच्या वह्यांवरून सुचली. बाकावर बसून करायचं काय? त्याने लिहायला सुरुवात केली. कोणत्या क्लबचा कोण खेळाडू पेनल्टी कुठे मारतो, धाव किती पावलांची घेतो, मारण्याआधी कुठे बघतो. डावं-उजवं सगळं गोलकीपरच्या हाताने. दर पानाला एक खेळाडू. सामन्याआधी समोरचा संघ सराव करत असताना बाकीचे पाय मोकळे करायचे आणि स्टेपनी कुंपणाशी उभा राहून त्यांचे पेनल्टीचे फटके मोजायचा. अकरा वर्षांत लंबूने सतरा पेनल्टी अडवल्या होत्या, त्यांतल्या तेरा या वहीतून आल्या होत्या. वर्तमानपत्रांनी लंबूला 'मनकवडा' असं नाव दिलं होतं. लंबू ते कात्रण घेऊन स्टेपनीकडे आला होता आणि म्हणाला होता, "बघ, तुझं नाव छापलंय."

*

मग गेल्या मोसमात काय झालं कोण जाणे, क्लब कपात हरायलाच तयार होईना. चौथी फेरी झाली, उपांत्यपूर्व झाली. स्टेपनीने रजा संपवल्या. आणि अंतिम सामन्यात समोर आला तो त्या वर्षीचा लीगविजेता, मोठा क्लब. गोल झालाच नाही, पेनल्टी आल्या, आणि त्यांच्या कप्तानाची शेवटची पेनल्टी स्टेपनीने उजवीकडे झेपावून बाहेर काढली. वहीत लिहिलेलंच होतं: कप्तान, उजवीकडे, खाली, बारापैकी दहा वेळा. आता तेरापैकी अकरा झालं.

परतीच्या बसमध्ये प्रशिक्षक दांड्याला धरून उभे राहिले. ते पूर्वी शाळेत खेळाचे शिक्षक होते, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. "पोरांनो, आता मोसमाच्या पहिल्या रविवारी ढालीचा सामना. लीगविजेता विरुद्ध कपविजेता. आपल्या क्लबच्या जन्मात पहिल्यांदा." मग स्टेपनीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि हा सामना ज्याने आणला तोच खेळणार. शब्द आहे माझा."

ड्रायव्हर पुढून ओरडला, "स्टेपनीला हवा भरा रे!" त्या दिवशी तो मनापासून हसला.

हा सामना त्याला का हवा होता, ते वडिलांमुळे. वडिलांचं आयुष्य लेथवर गेलं. निवृत्त झाल्यावर बागेतल्या बाकावर चौघांत बसून सांगायचे, "माझा मुलगा गोलकीपर आहे." चौघांपैकी कुणीतरी विचारायचा, "मग दिसत कसा नाही?" वडील म्हणायचे, "दिसेल." कपाचे सामने कामाच्या दिवशी, कुठल्या कुठल्या मैदानांवर, वडिलांना दोन डोळ्यांनी मिळून एका डोळ्याएवढंही दिसत नव्हतं. अंतिम सामन्याच्या आठवड्यात तर ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, डोळ्यावर पट्टी. रेडिओवर ऐकलं. घरी आल्यावर म्हणाले, "ऐकलं. आता एकदा बघायचंय." चौतिसाव्या वर्षी 'एकदा' याचा अर्थ काय, ते दोघांनाही कळत होतं.

ढालीच्या सामन्यासाठी वडिलांनी नवा चष्मा केला. दुकानातल्या माणसाला सांगितलं, "लांबचं दिसलं पाहिजे. गोलपोस्टपर्यंत."

स्टेपनी दोन महिने पहाटे उठून पळाला. कामावर लिफ्ट चालू असली तरी जिन्याने चढायचा. साहेब म्हणाले, "लिफ्टवालाच जिन्याने जायला लागला तर लोक काय समजतील?"

गुरुवारी सराव संपल्यावर मास्तरांनी त्याला चेंडू ठेवायच्या खोलीत बोलावलं. जाळीत भरलेले चेंडू, ओल्या कातड्याचा वास, एकच खुर्ची.

"बस."

"उभा बरा आहे, मास्तर."

"रविवारी लंबू."

स्टेपनीला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं. "तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. कप मांडीवर घेऊन दिला होता. त्या आनंदात मी ड्रायव्हरलासुद्धा खेळवलं असतं." मास्तरांनी हसून बघितलं, जमलं नाही. "अध्यक्षांचा फोन होता. पंचवीस हजार लोक, टीव्ही, आणि आमचा एक नंबर बाकावर? मी त्यांना काय सांगू?"

"सांगा, हा सामना कपामुळे मिळालाय. कप माझा असतो."

"मिळाला कपामुळे. पण हा कपाचा सामना आहे का? नाही. लीगचा आहे का? तोही नाही. कशातच न बसणारी गोष्ट नेहमी एक नंबरकडे जाते, बाबा. घरात बघ, ऑफिसात बघ, सगळीकडे हेच."

स्टेपनीने जाळीतून निसटलेला एक चेंडू उचलून परत आत टाकला.

"आणि वही आण," मास्तर म्हणाले. "बरोबरी झाली तर जादा वेळ नाही, थेट पेनल्टी आहेत."

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. दिवसभर लोकांना वाईट वाटू न देता 'हे औषध नाही' सांगायची तिला सवय. पण या वेळी ती भडकली. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार?"

"काय म्हणणार! जगाला लिफ्टमधून बाहेर काढता, स्वतः अडकलात की तोंड बंद." मग म्हणाली, "बाबांना सांगा."

"तू सांग ना."

"मी? शब्द मास्तरांनी मोडायचा, गप्प तुम्ही बसायचं, आणि निरोप मी पोचवायचा?"

कुणीच सांगितलं नाही. वडील चष्मा पुसत बसले होते.

शुक्रवारी लंबूने त्याला गाठलं. "हे बघ, मी मागितलं नव्हतं."

"नाकारलंही नाहीस."

"तू असतास तर नाकारलं असतंस?"

स्टेपनीने पिशवीची चेन लावली. प्रश्न बरोबर होता, म्हणूनच जास्त लागला.

*

रविवारी दुपारी मैदान भरलं. स्टेपनी सवयीने वही घेऊन कुंपणाशी उभा राहिला. समोरचा संघ सराव करत होता. कप्तान पेनल्टीच्या ठिपक्यावर आला आणि त्याने सात चेंडू मारले. सातच्या सात डावीकडे. मध्यम उंचीवर, खांबाच्या आतून. आठवा मारण्याआधी त्याने उजवीकडे एकदा बघितलं, जिथे दोन महिन्यांपूर्वी त्याचा चेंडू अडला होता, आणि पुन्हा डावीकडे मारला.

स्टेपनीला लख्ख कळलं. जो एकदा पकडला गेला तो त्या दाराने पुन्हा जात नाही. त्याने पेन काढलं. कप्तानाचं पान उघडलं. मग पेनाचं टोपण लावलं आणि वही बंद केली. त्या क्षणी त्याने काही ठरवलं होतं असं नाही. नंतर लिहू, एवढंच मनात आलं.

संघ बाहेर आले. घरच्यांच्या जागा बाकाच्या बरोबर मागे होत्या. गोलमध्ये सहा फूट चार इंचांचा माणूस जाऊन उभा राहिला. स्टेपनीने मागे वळून बघितलं नाही, पण वडिलांचा आवाज आला, सुनेला विचारत होते, "तो कोण?" आणि तिचा हळू आवाज.

सामन्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मोठ्या क्लबने पहिल्या वीस मिनिटांत गोल केला, उत्तरार्धात कॉर्नरवरून धक्काबुक्कीत एक परत फेडला गेला. एक-एक. शिट्टी झाली.

मास्तर बाटली घेऊन धावत आले. "लवकर!"

ही त्यांची जुनी रीत होती. वहीतली पाच नावं छोट्या कागदावर उतरवायची, कागद चिकटपट्टीने पाण्याच्या बाटलीला गुंडाळायचा, आणि बाटली गोलच्या जाळीशी ठेवायची. गोलकीपर पाणी प्यायला म्हणून वळतो आणि वाचून घेतो. स्टेपनीने गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. पहिला: डावीकडे, वर. दुसरा: उजवीकडे, खाली. तिसरा: डावीकडे. चौथा: थांब, मधोमध. पाचवा कप्तान.

तिथे हात थांबला. मास्तर कानाशी श्वास घेत होते. "लिही ना."

त्याने लिहिलं: उजवीकडे, खाली. जे वहीत होतं ते. अक्षरही नेहमीसारखंच आलं.

पेनल्टी सुरू झाल्या. आपला पहिला गोल, त्यांचाही गोल. लंबू बरोबर बाजूला गेला, पण चेंडू बोटांवरून गेला. आपला दुसरा गोल. त्यांचा दुसरा लंबूने उजवीकडे खाली पडून अडवला. मैदान उसळलं. मागून कुणीतरी स्टेपनीच्या पाठीवर थाप मारली. आपल्या तिसऱ्याने आभाळात मारला, त्यांचा गोल. चौथे दोन्ही गोल. आपला पाचवा गोल. चार-तीन. आता कप्तान. अडवला तर ढाल आपली.

लंबू बाटलीकडे गेला, वाचलं, पाणी प्यायला. जायला वळला आणि थांबला. त्याला आठवलं असावं की या माणसासमोर पूर्वी कोण उभं होतं. त्याने बाकाकडे बघितलं आणि दोन्ही हात थोडे पसरून विचारलं: कुठे?

असं त्याने पूर्वीही अनेकदा विचारलं होतं. तेव्हा स्टेपनी उठून उभा राहायचा, रेषेपर्यंत जायचा, पंच ओरडेपर्यंत दोन्ही हातांनी समजावत राहायचा. खांदा बघ, टेकणारा पाय बघ, आधी हलू नकोस, तो डोळ्यांनी फसवतो.

आज तो बसून राहिला. मागे वडील होते. नव्या चष्म्याने ते काय बघत होते, ते त्याला बघायची गरज नव्हती. त्याने मान उजवीकडे वळवली. एकदाच. आणि परत सरळ केली.

लंबू क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग रेषेवर गेला.

कप्तानाने डावीकडे मारला. लंबू डावीकडे झेपावला आणि चेंडू छातीशी घेऊन पडला.

*

पुढची पंधरा मिनिटं स्टेपनीला कुणी जागेवर राहू दिलं नाही. मास्तरांनी त्याला मिठी मारून उचललं. "वही! या वहीने जिंकलो!" लंबूने ढाल हातात घेतल्यावर सगळ्यांसमोर ती स्टेपनीकडे दिली आणि कॅमेऱ्याला सांगितलं, "दुसरी पेनल्टी याची आहे. याच्याशिवाय मी कुणी नाही." स्टेपनीने ढाल वर धरली. ती त्याला वाटली होती त्यापेक्षा हलकी होती.

कपडे बदलायच्या खोलीत सगळे अंघोळीला गेले तेव्हा दोघेच उरले. लंबू बोटांवरची पट्टी दातांनी सोडवत होता. नेहमी ती स्टेपनी सोडवून द्यायचा.

"बाटलीवर उजवं होतं," लंबू म्हणाला.

"हो."

"तूही उजवंच सांगितलंस."

"वहीत तसंच आहे. तेरापैकी अकरा."

"वहीत असेल." पट्टी सुटली. "एक सांगू? मी तुला 'किती वाजले' विचारलं तरी तू मला घड्याळ कसं चालतं ते सांगतोस. अकरा वर्षं ऐकतोय. कधी कधी जीव नको होतो. आज ढालीचा सामना, शेवटची पेनल्टी, आणि तू नुसती मान हलवलीस. मी म्हटलं, हा माणूस एवढं थोडक्यात बोलतोय म्हणजे काहीतरी गिळतोय."

स्टेपनीने बुटाची नाडी सोडली, परत बांधली. "सरावात त्याने सगळे डावीकडे मारले," तो म्हणाला. "आठच्या आठ."

"ते तू आता सांगतोयस."

"हो."

"मी कुणाला सांगणार नाही," लंबू उठत म्हणाला. "सांगून काय? आपण जिंकलोय."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या 'आपण'मध्ये कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

घरी संध्याकाळी बायकोने चहा केला. "तुमच्या वहीमुळे जिंकले म्हणे. टीव्हीवर सांगत होते."

"हो."

"मग तोंड असं का?"

वडील खिडकीशी बसले होते. चष्मा काढून घडी करून खिशात ठेवला होता. ते म्हणाले, "जिंकलात. चांगलं झालं." आणि चहा अर्धा झाल्यावर, कुणाला टोचावं असा हेतू नसल्यासारखं, "चष्मा उत्तम आहे. पंचाण्णव मिनिटं तुझी पाठ अगदी स्वच्छ दिसली."

*

पाच आठवड्यांनी कपाची पहिली फेरी आली. बुधवारी दुपारी, खालच्या गटातल्या एका क्लबच्या छोट्या मैदानावर. कप दोन नंबरचा. या वेळी कुणाचा फोन आला नाही. वडील आले नाहीत. "पुढच्या फेरीला येईन," म्हणाले.

बाकावर लंबू बसला. पूर्वी कपाच्या सामन्यांत तो बाकावर डुलक्या काढायचा. वही स्टेपनीच्या पिशवीतच राहायची. या वेळी सरावाच्या आधी त्याने हात पुढे केला. "वही दे. बाकावरच्याने ठेवायची ना?" आणि स्टेपनीने हातमोजे घालताना पाहिलं, तर लंबू कुंपणाशी उभा होता, एका हातात वही, दुसऱ्यात पेन, त्यांचे फटके मोजत.

सामना सोपा होता आणि तो स्टेपनीच्या क्लबनेच अवघड केला. शेवटच्या पाच मिनिटांत एक-शून्य पुढे असताना बचावातल्या एकाचा हात लागला. पेनल्टी. मारायला आला तो नवा होता, स्टेपनीने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. वहीत त्याचं पान नव्हतं. असेल तर आज लिहिलेलं.

स्टेपनीने बाकाकडे बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो गोलमध्ये होता आणि दुसरा कुणी वही घेऊन बाकावर होता. त्याने दोन्ही हात थोडे पसरले.

लंबूच्या मांडीवर वही उघडी होती. तो उठला नाही. रेषेपर्यंत आला नाही. त्याने स्टेपनीकडे सरळ बघितलं आणि मान डावीकडे वळवली. एकदाच.

लंबू मुळातच कमी बोलणारा. तो एका मानेनेच सांगणार, दुसरं काय करणार? पण ती मान स्टेपनीने ओळखली. तीच होती. फक्त बाजू वेगळी. खरं सांगत असेल. मोजले आहेत त्याने, मी पाहिलंय. की फेडतोय? फेडत असेल तर उजवीकडे जायला हवं. पण मी असा विचार करणार हे त्याला ठाऊक आहे. मग डावीकडे. शिट्टी झाली. धावत येणाऱ्याची पावलं मोजायची राहिली, खांदा बघायचा राहिला. जे तो आयुष्यभर दुसऱ्याला समजावत आला ते सगळंच राहिलं.

चेंडू डावीकडे गेला. फार जोरात नव्हता, फार कोपऱ्यातही नव्हता. चेंडू जाळीत गेला तेव्हा स्टेपनी रेषेच्या मधोमध दोन्ही पायांवर उभा होता, पाहुणा आल्यासारखा.

त्यानंतर दोन मिनिटांनी त्यांनी दुसरा केला. क्लब कपाबाहेर पडला. म्हणजे स्टेपनीचं वर्ष संपलं; पुढचा कप अकरा महिन्यांनी, आणि तेव्हा तो पस्तिशी ओलांडलेला.

परतीच्या बसमध्ये स्टेपनी लंबूच्या मागच्या सीटवर बसला. ड्रायव्हरने थट्टा केली नाही, आणि हे सगळ्यात वाईट होतं. लंबूने पुढच्या सीटवरून हात मागे करून वही परत दिली. स्टेपनीने ती गुडघ्यावर ठेवली. दोन चौक गेल्यावर उघडली. शेवटच्या पानावर लंबूचं वाकडंतिकडं अक्षर होतं. वर त्या नव्या खेळाडूचा नंबर. खाली: सरावात नऊपैकी नऊ डावीकडे. सामन्यात डावीकडे, मध्यम उंची.

आणि शेरा लिहायच्या जागेत चारच शब्द: सांगितलं होतं. हलला नाही.